प्रेत दाखवू नका

३ फेब्रुवारी

सापडलं! आमची मालिका कुठून आली ते सापडलं.

दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी आहे. माझ्याकडे भाषांतर, तेही पाठीला डिंक लावलेलं. मोठं घर, माडीवर कुलूपबंद खोली, लपवलेलं मृत्युपत्र आणि खरी वारस निघणारी अनाथ मुलगी. दोन वर्षं मी याच मुलीचे कपडे शिवते आहे! आमच्या लेखिकाबाईंनी हे पुस्तक वाचलं नसेलही. त्यांनी पाहिलेल्या सिनेमांनी वाचलं असेल.

प्रस्तावनेत लिहिलंय, कादंबरी तेव्हा आठवड्याला एक भाग अशी छापून यायची. दारावर थाप पडली की भाग संपला. म्हणजे आमच्यासारखंच — थाप शुक्रवारी, दार सोमवारी.

६ फेब्रुवारी

माडीवर कोण आहे ते नणंदेला आधीच सांगितलं. आजच्या भागात तेच निघालं. ‘वहिनी, तुमच्या अंगात येतं की काय?’

११ फेब्रुवारी

कादंबरीत पुढच्या भागात नायिकेचा नवरा मरतो, ती दुखवट्याचं काळं घालते. कपडेपटात काळं कापड पडून होतं, हातात काम नव्हतं. आमच्याकडे सकाळी सांगतात आणि दुपारी मागतात. शिवून टाकला पोशाख. बंद गळा, लांब बाह्या. नायिकेच्या नावाची, ‘दुखवटा’ लिहिलेली चिठ्ठी टाचून टांगला.

१२ फेब्रुवारी

घोटाळा झाला.

नायिकेच्या नवऱ्याचं काम करणारे मिशीवाले माप द्यायला आले. पोशाख पाहिला, चिठ्ठी वाचली, खाली बसले. ‘मावशी, म्हणजे मी गेलो?’

तसेच उठून मालिकेच्या मालकांकडे. लेखिकाबाई शपथ घेऊन सांगतायत, मी असलं काही लिहिलेलं नाही. मालक पोशाख बघायला खाली आले. हात फिरवून म्हणाले, ‘बरा दिसतोय. मारू या.’

आजवर सुईनं बोटं टोचली होती. माणूस पहिल्यांदाच मारला.

१३ फेब्रुवारी

मिशीवाले रागावले नाहीत, तेच वाईट. चार वर्षं घरी बसल्यावर हे काम मिळालं होतं त्यांना. म्हणाले, ‘घरी अजून सांगितलेलं नाही. बायको ही मालिका बघते, तिला तिथूनच कळेल.’



१५ फेब्रुवारी

काल सुट्टी होती. घरातल्या त्या काळच्या चारही कादंबऱ्या उपसल्या. यांनीच आणलेल्या — वाचनालयात शिपाई होते, बाद झालेली पुस्तकं मागून आणायचे. चारही चाळल्यावर डोक्यात उजेड पडला. ज्याचं प्रेत दिसतं तो मेला. ज्याची नुसती टोपी सापडते तो परत येतो. दर वेळी!

आज लेखिकाबाईंना गाठलं. म्हटलं, मारा, पण प्रेत दाखवू नका. होडी उलटू दे. काळा पोशाख वाया जाणार नाही, आणि माणूसही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘मावशी, शिकलात किती?’

‘शाळेत चौथी. पुढचं घरी.’

मालकांनी विचारलं, परत आणला तर बायका रडतील का? मी म्हटलं, रडतील. कशावरून, म्हणाले. मी सुई ओवायला घेतली.

२४ फेब्रुवारी

होडी उलटली. टोपी सापडली. मिशीवाले सहा आठवडे सुट्टीवर, नोकरी शाबूत! जाताना माझ्या मशीनला नमस्कार करून गेले, वेडा माणूस.

२ मार्च

पत्रांचा ढीग पडलाय. एका बाईनं लिहिलंय, त्याला परत आणा, नाहीतर मी टीव्ही विकते. त्या जुन्या लेखकांनाही अशीच पत्रं जायची म्हणे. दीडशे वर्षांत माणूस तसूभर हललेला नाही. मला तर आनंदानं पळत सुटावंसं वाटतंय!

घरी नणंद रुसलेली. ‘वहिनी, खरं सांगा, आहे ना तो जिवंत?’ मी पोळी लाटत राहिले.

३ एप्रिल

तो परत येतोय. अंगात जुना कोट हवा. कपडेपटात सगळे नवे. मालक म्हणाले, दगडानं घासा. घासलेलं लगेच ओळखू येतं. कोपर माणसानंच झिजवावं लागतं. म्हटलं, मी आणते कुठून तरी.

९ एप्रिल

भाग लागला. दार उघडलं आणि यांचा कोट आत आला.

तीन वर्षं तो कपाटात होता. यांचं जाणं मी डोळ्यांनी पाहिलंय, दोन्ही हातांत धरून. तरी उठून उभी राहिले.

नणंद प्रत्येक भागात अखंड बोलते. आज टीव्हीजवळ सरकून बसली. भावाचा कोट तिनं केव्हाच ओळखला होता. जाहिराती लागल्यावर हळूच म्हणाली, ‘वहिनी, त्याला खांद्यात सैल होतोय.’

हो. शिवण आत घेतलीच नाही मी.