डाव्या बाजूचा माणूस

३ नोव्हेंबर

साधना आज अर्धंच ताट जेवली. उजवीकडचा भात संपला, डावीकडची भाजी तशीच. वर मलाच विचारते, "भाजी काऊन नाई केली?" मी ताट फिरवलं. म्हणाली, आता आणली होय!

डॉक्टरांनी सांगितलंच होतं. डोक्यातली गाठ काढली, पण डावीकडे तिचं लक्ष जाणार नाही. डोळे शाबूत आहेत. नवऱ्याने डावीकडेच बसायचं, म्हणजे मान वळवायची सवय लागेल.

बसतो.

५ नोव्हेंबर

शेजारच्या रुखमाबाई बघायला आल्या. साधनाची तक्रार — हे सकाळपासून घरात नाहीत. मी तिच्या डावीकडे, खाटेलाच टेकून! रुखमाबाई माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणून खोकलो. साधना उजवीकडच्या दाराकडे बघून म्हणाली, "आले वाटते."

८ नोव्हेंबर

दवाखान्यातून संघप्रियाताईंचा फोन. पेशंटच्या घरच्यांची चौकशी करणं हेच त्यांचं काम. कसे आहात, म्हणाल्या. सांगितलं — ताप नाही, जेवते, टाके सुकले.

"तिचं नाई भाऊ, तुमचं."

रेंज जाऊन राह्यली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

९ नोव्हेंबर

रुखमाबाई म्हणतात, दोन दिवस त्या बसतील, मी आरमोरीला बहिणीकडे जाऊन नुसतं झोपावं. नाही म्हटलं. माझ्याशिवाय साधनाचं कोण करणार? मोटार वाइंडिंगचं दुकान बंद ठेवलंय ते काय हौस म्हणून?

१२ नोव्हेंबर

झटक्याची सकाळची गोळी द्यायची राहून गेली. बसल्या बसल्या डोळा लागला. दुपारी जाग आली तर गोळी माझ्याच मुठीत, घामाने पिठासारखी झालेली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं. झटका आला नाही, नशीब. फार घाबरलो. घरात कुणाला बोललो नाही.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी रुखमाबाई आल्या. साधनाने त्यांना जवळ बोलावून आवाज खाली केला.

"हे घरी नाईत तोवर सांगतो. ह्यायले आरमोरीले धाडा, बाई. लय थकले. काल माही गोळी भुलले, मी काईच बोललो नाई. जीवाले लावून घेतीन. मी म्हटलं तं आयकत नाईत."

मी डावीकडेच होतो. या वेळी खोकलो नाही.

पिशवी भरली आहे. सकाळच्या एसटीने निघतो.