नातं विचारलं होतं

तर त्या रिपोर्टचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, अक्का. तुम्ही गेलात तेव्हा सिरसाळेवालीचं लेकरू चौदा महिन्यांचं होतं आणि टेस्ट करायची होती अठराव्या महिन्यात. चार महिने कमी पडले. शेवटी शेवटी खोकल्यामुळं तुम्हाला नीट बोलता यायचं नाही, तरी मी दारात दिसलो की नुसती बोटं हलवून विचारायचात, किती झाले? मी म्हणायचो, बारा. मग, तेरा. तुम्ही अशी मान वळवायचात, जसं काय महिने मीच अडवून धरलेत. तर ऐका, पोरीला काही नाही. स्वच्छ रिपोर्ट आला. आता ती चौथीत आहे, पाढे पाठ करत नाही आणि आईला उलट बोलते. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण रिपोर्टबरोबर अजून एक गोष्ट सांगावी लागणार होती.

मी तुमच्या गल्लीत पहिल्यांदा आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बीडच्या इंग्लिश मीडियमचा, पॉलिश केलेले बूट, हातात संस्थेनं दिलेला चित्रांचा मोठा फ्लिपचार्ट. मला वाटायचं, एचआयव्हीची माहिती लोकांपर्यंत पोचली की झालं, जग बदललं. गल्लीतल्या बायका धंद्याला बसायच्या आधी, दुपारी, तुमच्या ओट्यावर जमल्या होत्या. मी पहिलं चित्र उघडलं तर तुम्ही म्हणालात, "सर, ह्ये आमाला दावू नगा. आमी रोज बघतो." सगळ्या हसल्या. माझे कान लाल. मग तुम्ही मला तुमचं काम दाखवलं. तेव्हा टपऱ्याटपऱ्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नव्या नव्या लटकायला लागल्या होत्या. तुम्ही तशीच निरोधची माळ करून दाराच्या चौकटीला टांगली होती. मागायला नको, लाजायला नको, जाता जाता एक तोडून घ्यायचा. कोणत्याच ट्रेनिंगमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

सिरसाळेवाली तेव्हा सातव्या महिन्यात होती. गल्लीत सगळ्यांना गावाच्याच नावानं हाक, तशी ती सिरसाळेवाली. नवरा ट्रकवर होता, याच आजारानं गेला, सासरच्यांनी त्याचं तेरावं व्हायच्या आतच हिला घराबाहेर काढलं, आणि फिरत फिरत ती तुमच्याकडं आली. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. लेकराला वाचवायचा एकच रस्ता तेव्हा होता. बाळंतपण सरकारी दवाखान्यात करायचं, कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषधाचे थेंब. घरी सुईणीच्या हातानं झालं तर ना गोळी ना थेंब. म्हणून तिचं नाव दवाखान्यात आधी नोंदवायचं होतं. त्या दिवशी तुम्हाला ताप होता. मी म्हणालो, मी नेतो, अक्का. लई उत्साह होता मला.

व्हरांड्यात बाकं भरलेली. खिडकीपाशी नर्सबाई फॉर्म भरतेय. ती विचारते, नात्याचं कोण आलंय? आणि मी मोठ्यानं सांगतो, "मी नातेवाईक नाही. मी एड्सच्या संस्थेतला आहे." बस. एवढंच. सिरसाळेवालीच्या शेजारी बसलेल्या बाईनं आपलं पोर उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. सिरसाळेवाली उठली. जिथं बसली होती ती जागा तिनं स्वतःच्या पदरानं पुसली, सावकाश, नीट, आणि चालत बाहेर गेली. मी मागं पळालो, पण ती काळी-पिवळीत बसली होती आणि जीप सुटली होती.

मी गल्लीत पोचलो तेव्हा तिनं खोलीला आतून कडी लावली होती. आतूनच म्हणाली, "मी कुठं जात न्हाई. हितंच बाळंत होईन न्हाईतर मरंन." तुम्ही अंगात ताप असताना भाकरी थापत होता. मला समोर बसवलं. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"बाईनं काय इचारलं तुला?"

"नातं."

"अन् तू काय सांगितलं?"

मी तिथं बोललेलं वाक्य हळू आवाजात परत सांगितलं.

"नातं इचारलं तं रोग सांगितला. कावून रे? साळंत नातं शिकवत न्हाईत का?"

मी म्हणालो, "अक्का, मला खोटं बोलता येत नाही." तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणालात, "बरं." मग ती भाकरी माझ्याच ताटात टाकली.

दोन दिवस तिनं दार उघडलं नाही. जेवण खिडकीतून. तिसऱ्या दिवशी तुम्ही गल्लीतल्या बायका गोळा केल्या, आणि तांदूळ, नारळ, हिरवा खण असं सगळं घेऊन तिच्या दारात बसलात. म्हणालात, "उघड गं. वटी भरायची हाय." आतून आवाज आला, "रांडमुंड बाईची कुणी वटी भरतं व्हय?" तुम्ही म्हणालात, "तुझी कोण भरतंय? पोटातल्या लेकराची भरतोय आमी. तू नुसता पदर पुढं कर." मग कडी वाजली. मी गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथपाशी उभा होतो, मला जवळ यायची हिंमत नव्हती. तिथूनही तिचं रडणं ऐकू आलं, आणि त्यावर तुमचं, "रडू नगं, तांदूळ भिजत्यात."

आठवड्यानं काळी-पिवळीत सहा जणी कोंबून तुम्ही तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेलात. सगळ्यांचे पदर डोक्यावर, हातात पिशव्या, थर्मास. मी पुढं ड्रायव्हरशेजारी. फॉर्मवर बसलेल्या बाईनं विचारलं, नात्याचं कोण? "मी आय," तुम्ही म्हणालात. "ही मावशी, ही आत्या, ही मामी, ह्या दोगी चुलत्या." ती बाई बघतच राहिली. "एवढं माहेर?"

"लई मोठं घर हाय, बाई. आजून चौघी जीपमधी जागा न्हाई म्हणून ऱ्हायल्यात."

सिरसाळेवाली हसली. त्या प्रकारानंतर पहिल्यांदा. मग बाईनं विचारलं, सही करणारं कोणी आहे का? तुम्ही माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "ह्यो भाऊ. शिकलेला हाय, पण बोलाया लाजतो." मी सही केली आणि नात्याच्या जागी 'भाऊ' लिहिलं. एचआयव्हीचं कार्ड तुम्ही आतल्या खोलीत नेऊन काउन्सेलरच्या हातात दिलंत, बाहेर एक शब्द नाही. मुलगी झाली. गोळी वेळेवर, थेंब वेळेवर. नंतर आईच्या दुधातून लागण नको म्हणून बाळाला वरचं दूध, त्यासाठी पाणी उकळायला, वाटी-चमचा उकळायला पाळ्या लावून दिल्या तुम्ही. शेजारपाजारच्या कुणी विचारलं, अंगावर का पाजत नाही, तर सगळ्यांचं उत्तर पाठ, दूधच आलं न्हाई.

आता रिपोर्टचा दिवस. काउन्सेलर म्हणाली, बाळाला काही नाही. मला वाटलं सिरसाळेवाली रडेल, पाया पडेल. तर हिनं विचारलं, "मग हिला माज्या ताटातलं देऊ का?" म्हणजे दीड वर्ष आपण कानीकपाळी ओरडलो, उष्ट्यानं काही होत नाही, एका ताटात जेवा, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला एक घास आपल्या ताटातला दिला नव्हता. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही एकच प्लेट भजी घेतली. ती स्वतः अर्धं खायची, अर्धं फुंकून पोरीच्या तोंडात. मीही त्याच प्लेटमधून खाल्लं. तिखट होती, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी मिरचीनं होतं असं म्हणायला चांगलं कारण मिळालं. छातीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं वाटलं, अक्का. पुढं सरकारी गोळ्याही सुरू झाल्या, फुकट. तुम्हाला मिळाल्या नाहीत त्या. तिला मिळाल्या. ती चांगली जाड झालीय, आणि तुमच्या ओट्यावर आता तीच बसते.

मंगळवारी नवीन बायकांचं ट्रेनिंग होतं. तिनं त्यांना हीच सगळी गोष्ट सांगितली, व्हरांडा, बाक, सगळं. आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्या सरांना खोटं बोलता येत न्हाई. माजा तवा जीव गेलता त्याच्यापायी. पण म्हणूनच सांगते, ह्यांच्याजवळ काय बी बोला. भाऊ म्हणून सही केली, ती बी खरी करून दावली." बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक, आठ महिने कुणाशी न बोललेली, जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

अक्का, मी त्या दिवशी खरं बोललो नव्हतो. म्हणजे शब्द खरे होते. पण नर्सबाईनं आधी वर बघून विचारलं होतं, "तुम्ही मिस्टर का?" आणि बाकावर माझ्या वडलांच्या बँकेतला शिपाई बसला होता. तिचा नवरा म्हणून मी दिसू नये, एवढ्यासाठी मी ओरडलो. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. भीती होती. खोटं बोलता येत नाही, हे मी पहिल्यांदा तुमच्या चुलीसमोर बसून बोललो, आणि तेच माझं खोटं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात तेव्हा तुम्हाला कळलं होतं, असं मला अजून वाटतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, टेबलाच्या खणात राहील. पण सिरसाळेवालीला सांगावं असं रोज मनात येतं. सांगितलं तर तिला परत तो व्हरांडा दिसेल, आणि ज्या बायका तिच्या शब्दावर माझ्याशी बोलतात त्या गप्प होतील. नाही सांगितलं तर मी तिच्या विश्वासावर फुकट बसलोय. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, अक्का, सांगू का तिला?