बंगल्यावर मला जेन म्हणत

मी, केझाया हार्कर, वय त्र्याहत्तर, राहणार स्कार्थबेक, यॉर्कशायर, गुडघे सोडून बाकी सगळी ठणठणीत, बुद्धी शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगते की, माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. शाळेचे मास्तर लिहून घेत आहेत. मास्तर, जसं बोलते तसंच लिहा, धुऊन-पुसून नको.

कलम १. बायबलातल्या ईयोबाने तिन्ही मुलींना भावांच्या बरोबरीने वाटा दिला. त्यांतल्या मधलीचं नाव माझं, अर्थ दालचिनीसारखी सुगंधी साल. धाकटीचं नाव केरनहापुक, म्हणजे काजळाची कुपी. ते माझ्या नातीला मी ठेवलं.

कलम २. बाराव्या वर्षी मी बंगल्यावर कामाला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "मोलकरणीला एवढं नाव कशाला? इथे वरच्या मजल्यावरची जेनच असते." माझ्या आधीचीही जेन, नंतरचीही जेन. एकोणीस वर्षं ओ देत राहिले. बाईंच्या कुत्रीचं नाव क्लेमेंटिना, म्हणजे दयाळू. ते कोणी बदललं नाही. चावायची मात्र मलाच.

कलम ३. माझा मुलगा एनॉक याने परस्पर केरनला त्याच बंगल्यावर ठेवायचं ठरवलं. तिथल्या स्वयंपाकघरातली ॲन काम सोडतेय; तिच्या जागी आता हिला ॲन म्हणणार.

"अगं आई, हाक मारली की ओ द्यायची. नावाने काय पोट भरतं?"

"मग उद्यापासून तुला बैलाच्या नावाने बोलावते. येशील जेवायला?"

टोपी उचलून निघून गेला. पोर चुलीपाशी रडत होती, "आजी, मला नाही जायचं."

कलम ४. सबब माझं घर, पिसांची गादी आणि मधमाश्यांच्या अकरा पेट्या केरनहापुकला. मी मेल्यावर नव्हे, आजच. किल्ली तिच्या हातात दिली आहे. हे मृत्युपत्रात बसत नाही म्हणतात मास्तर. बसवा. सोमवारी बंगल्याची गाडी रिकामी परत जाईल. मधाच्या बरण्यांवर तिने पूर्ण नाव घालावं; गिऱ्हाइकाला म्हणता आलं नाही तर त्याने शिकावं.

कलम ५. एनॉकला बापाची कुऱ्हाड आणि माझी क्षमा. कुऱ्हाड शेजाऱ्याकडे आहे. क्षमा हवी तर इथे येऊन मुलीला पूर्ण नावाने हाक मारावी.

स्कार्थबेक, २४ सप्टेंबर १८९१.

केझाया हार्कर, निशाणी : ✗

साक्षीदार :
१. सायलस ब्रॉडबेंट, शाळामास्तर
२. ट्रायफीना गॅडसन, मोलकरीण. बंगल्यावर आजवरची ॲन. सही स्वतःच्या नावाने केली, आणि कागद सुकेपर्यंत बघत बसली.