बाणांची चार बटणं

आई,

आपली ती बंदुकीवाली गेम मी गेल्या आठवड्यात विकत घेतली. जी वस्तू एकदा फुकट आली होती तिच्यासाठी पैसे टाकणारा माणूस तुझ्या लेखी बावळटच, तेव्हा तू आधी मला बोलली असतीस हे मी धरूनच चालतो. पण ती आता पुन्हा मिळते, नव्या लॅपटॉपवर चालेल अशी करून, शेगावच्या दोन-चार कचोऱ्यांच्या भावात. तुझ्या क्लासच्याच खोलीत बसून घेतली. टायपिंगची मशिनं बाबांनी अजून विकलेली नाहीत, भिंतीला लावून ठेवली आहेत, वर जुन्या चादरी. त्यांच्यासमोर टेबल टाकून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, एवढंच काम. जळगाव जामोदात बसून पुण्याच्या लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, हे तुला फार आवडलं असतं. गल्लीभर सांगत फिरली असतीस.

झालं असं, की ऑफिसातली एक मुलगी कॉलवर म्हणाली, जुन्या गेमा आज खेळायला कशा वाटतात यावर ती काहीतरी लिहिते आहे, आपली ही गेम कुणी खेळलंय का. मी म्हणालो, लहानपणी पूर्ण संपवली होती. ते खोटं नव्हतं. "मग खेळून दाखव ना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना दिसेल असा स्क्रीन करून गेम सुरू केली. निळ्या दगडाच्या भिंती, खाली आपल्या माणसाचा बंदूक धरलेला हात, समोर लांबवर बंद दार. मी डावा हात बटणांवर ठेवला. कंट्रोल दाबलं, गोळी सुटली. स्पेस दाबलं, काही झालं नाही, कारण दार लांब होतं. मग मी थांबलो. "अरे, पुढे जा की." मी गेलो नाही. माझा उजवा हात मांडीवर होता आणि तो मांडीवरच राहिला. "तू नक्की संपवली होतीस ना?" सगळे हसले, मीही हसलो आणि नेट गेलं म्हणून कॉल कापला. नंतर लक्षात आलं की एरवीही मी बाणाच्या बटणांना हात लावत नाही. ओळ वर-खाली करायची असली तरी माउसनंच करतो. इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, मलाही नाही.

मला चालता येत नाही, आई. त्या गेममध्ये मी एक पाऊलही टाकलेलं नाही. चालायचीस तू.

टायपिंगच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होणार अशी बातमी उठली होती, आणि मशिनं भंगारात जायच्या आत शिकून घ्यावं म्हणून तू तो कॉम्प्युटर खामगावहून आणवलास. जोडून देणाऱ्या माणसानं जाता जाता त्यात ही गेम टाकून दिली, पोराले खेळाले. दुपारची बॅच सुटली की पुढच्या बॅचच्या, आसलगावकडच्या पोरींची बस येईपर्यंत खोली रिकामी असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार मला आत्ताही दिसते आहे. कूलरमधलं पाणी संपत आलं आहे, मशिनांवर कव्हरं चढली आहेत, शाईच्या फितीचा वास आहे. मी एकटा खेळायला बसलो आहे आणि एकाच बोटानं सगळी बटणं दाबतो आहे, कोंबडी दाणे टिपते तसा. तू मागे येऊन उभी राहतेस. गेमकडे तुझं लक्षच नाही, माझ्या बोटाकडे आहे. "असं दाबतेत का बे? सरक तिकडं." बाकावर मला डावीकडे ढकलून तू उजवीकडे बसतेस आणि वाटणी करून टाकतेस. बाणांची चार बटणं तुझी. कंट्रोल आणि स्पेस माझी. म्हणजे चालणं-वळणं तुझ्याकडे, गोळी आणि दार माझ्याकडे. "आपलं बोट आपल्या बटनावर. दुसऱ्याच्या बटनावर बोट नाही ठेवाचं."

क्लासातही हाच नियम होता. करंगळीचं बटण करंगळीनंच दाबायचं, वेळ लागला तरी चालेल. बोट भलतीकडे गेलं की तुझी लाकडी पट्टी पेरावर टक्कन बसायची. लागायचं नाही, लाज वाटायची. मोठमोठ्या पोरी, लग्न ठरलेल्या, त्यासुद्धा तुझ्या चपलांचा आवाज आला की बोटं सरळ करून बसायच्या. त्यातल्या एक-दोघी आता कचेरीत मोठ्या जागेवर आहेत, बाजारात भेटतात. तुझी आठवण काढतात आणि नकळत पेरं चोळतात. मी हो हो म्हणून भाजी घेतो आणि घरी येतो.

तू खेळताना खाली कधी पाहायची नाहीस. वळण आलं की अख्खी कलायचीस, मला बाकाच्या टोकापर्यंत दाबत. कोपरा आला की थांबायचीस, स्टँडजवळचा रस्ता ओलांडताना थांबायचीस तशी. "मार," म्हणालीस की मी मारायचो. "दार," म्हणालीस की मी उघडायचो. दारामागे कुणाचा तरी आवाज यायचा आणि माझं बोट उठायचं नाही, तेव्हा तू पडद्यावरची नजर न काढता म्हणायचीस, "काऊन थांबला? मी हाव ना चालाले." भिंतींमध्ये लपलेली दारं होती. ती शोधायला तू भिंतीला घासून घासून चालायचीस आणि मी स्पेस बडवत यायचो, आणि एखादी भिंत खरंच सरकली की "अवं माय" म्हणून माझ्या मांडीवर थाप मारायचीस. जमिनीवर जेवणाची ताटं ठेवलेली असत, त्यांच्यावरून गेलं की आपल्या माणसाला ताकद यायची. ते तुला शेवटपर्यंत पटलं नाही. "कोनाचं ताट हाये, काय हाये, हा आपला खाऊन राह्यला." पण त्याची ताकद कमी झाली की वाट वाकडी करून तू त्याला ताटापर्यंत न्यायचीसच.

शेवटच्या मजल्यावर तो दोन्ही हातांत बंदुका घेतलेला धिप्पाड माणूस होता. एकदा तो अंगावर आला, तू मागे सरकायला उशीर केलास असं मला वाटलं आणि मी घाबरून मागे जायचा बाण दाबला. तू खेळणं थांबवलंस. टेबलावरची पट्टी घेतलीस, माझ्या पेरावर मारलीस, पट्टी जागेवर ठेवलीस आणि हात पुन्हा बटणांवर नेलास. तोवर पडदा लाल झाला होता. "आई, मेला ना तो!" मी ओरडलो. तू म्हणालीस, "मेला तरी चालंल. बोट जागेवर पायजे." पुढे किती दुपारी गेल्या कोण जाणे, पण मारला आपण त्याला, तू मागे मागे सरकत आणि मी गोळ्या सोडत. शेवटी गेमनं आपल्या माणसाचं तोंड पहिल्यांदा दाखवलं, उन्हात उभा, हसतो आहे. तू चष्मा वर करून बघितलंस. "हा तं पोरगाच हाये. मले वाटे चांगला संसारी मानूस असंल." जरा वेळ नाराज होतीस. मग बस आली आणि तू मशिनांची कव्हरं काढायला उठलीस.

आता गेम कशी आहे ते सांगतो, कारण निदान एवढं तरी मला कामापुरतं येतं. दुसऱ्यांनी खेळलेले व्हिडिओ रोज थोडे थोडे बघितले आणि चुकांची यादी काढतो तसं बघितलं. चित्रं टिकलेली नाहीत. शिपाई जवळ आला की त्याचे चौकोन चौकोन होतात, तोंड कुठलं आणि टोपी कुठली कळत नाही. मेलेला शिपाई कुठूनही बघ, पाय आपल्याकडेच. मान वर करता येत नाही, उडी मारता येत नाही, सगळी दारं एकसारखी गुरगुरतात. गोष्ट म्हणशील तर नाहीच: आत अडकलाय, बाहेर निघ. पण वेग टिकला आहे. आजच्या गेमा आधी नाव विचारतात, फोन नंबर विचारतात, मग हाताला धरून चालवतात, इकडे वळ, हे उचल, शाबास. ही काही सांगत नाही. दार बंद आहे, मागे कुणीतरी आहे, उघडायचं तर उघड. ती दार उघडायच्या आधीची भीती जशीच्या तशी आहे, आणि एवढ्यासाठीच मी म्हणेन की गेम उत्तम टिकली आहे. त्या मुलीला मी हे असंच लिहून पाठवलं. तिला आवडलं.

मला ती भीती वाटली असं मात्र नाही. वाटायला हवी ती जागा कुठे आहे एवढं कळलं. तू गेल्यापासून माझं सगळं असंच चाललं आहे. अकोल्याच्या दवाखान्यातून तुला आणलं तेव्हा मी गाडीवाल्याला रस्ता सांगत पुढे बसलो होतो. लाकडं सांगितली, पाहुण्यांचा चहा बघितला, क्लासच्या दारावर चिठ्ठी लावली. बाबा म्हणाले, "रडून घे बे, मोकळा होशीन." मी हो म्हणालो आणि पाण्याची टाकी भरली का बघायला गेलो. लोकांनी मला खंबीर ठरवलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, आता कानाशी केस पांढरे झाले आहेत, आणि त्या दिवशी जे आलं नाही ते अजून आलेलं नाही. दुःख झालं नाही असं कसं म्हणू? झालं असणारच. पण पाय बधिर होतो तेव्हा तो आपलाच असतो आणि तरी चिमटा घेतला तर लागत नाही, तसं काहीतरी आहे. मला काळजी एवढीच वाटते की हे आता असंच राहणार. गेम घेतली ती त्या मुलीच्या लेखासाठी नाही. वाटलं, ती निळी भिंत बघून तरी रडू येईल. आलं नाही. निळी भिंत फार निळी वाटली.

रविवारी बाबा चहा घेऊन आले. गुडघे धरत आले, कप मशिनावर ठेवायला गेले आणि तुझी शिस्त आठवून खिडकीत ठेवला. "काय करून राह्यला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जुनी गेम टिकली का ते पाहून राह्यलो. "मंग? टिकली?" हाव, म्हणालो, गेम टिकली. त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं. आपला माणूस दाराकडे तोंड करून उभा होता, आठवडाभर मी त्याला तिथेच उभा ठेवला होता. "हे तं तेच हाये. तुही माय याच्यात चालत जाये," ते म्हणाले. मग बाकाच्या रिकाम्या टोकावर थोडं टेकल्यासारखं केलं, नको म्हणून उठले आणि चहा थंड होईल एवढं सांगून आत गेले. मी बाकावर डावीकडेच बसतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टेबलसुद्धा त्या हिशेबानं लावलं आहे.

ते गेल्यावर मी उजवा हात मांडीवरून उचलला आणि बोट पुढे जायच्या बाणावर ठेवलं. माणूस चालायला लागला. इतकं सोपं होतं ते. दाराशी पोचला, डाव्या हातानं मी दार उघडलं. आत शिपाई पाठमोरा उभा होता. गोळी मारायला भरपूर वेळ होता, लहान मुलानंही मारला असता. मी मारली नाही. बोट बाणावर तसंच दाबून धरलं, पेर जरा वर काढलं आणि वाट बघत राहिलो. शिपाई वळला, ओरडला, त्यानं गोळ्या झाडल्या. पडदा लाल झाला. कूलरचा आवाज येत होता. आत बाबा भांडी लावत होते. माझ्या पेराला काही झालं नाही.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तुला काही पाठवायचं तर पत्ता क्लासचा, आणि क्लासमध्ये तर मीच बसलो आहे. सगळं न बघता टाइप केलं आहे, बोटं जागेवर ठेवून, एवढं बघून घे. गोळ्यांचा आवाज ऐकून बाबांना वाटतं मी त्या दिवशी खेळायला शिकलो. त्या मुलीलाही मी सांगितलं की आता जमतं. पण बाणावर बोट मी चालायला ठेवलं नव्हतं, आई. तू मारशील म्हणून ठेवलं होतं.