नानासाहेबांची वाचा

१२ सप्टेंबर
हिचा गुडघा बरा. सूनबाईंचा खोकला ओसरला. नातवाचा ताप उतरला. माझा गळा फर्स्टक्लास. मालिकेतले नानासाहेब, म्हणजे मीच, मात्र जैसे थे: अर्धांगवायू, वाचा बंद, तळेगावच्या सेटवर आठ महिने पलंगाला खिळून. करारात अट आहे, नानासाहेब बोलेपर्यंत मी बाहेर गायचं नाही. तरी भावगीत रेकॉर्ड करणार. लोकांनी आवाज ऐकला की चॅनेलला झक मारून नानासाहेबांना बोलतं करावं लागेल. प्लॅन पक्का.

१९ सप्टेंबर
वाकडच्या स्टुडिओत गाणं झालं. रेकॉर्डिंगवाला सुजित म्हणाला, काका, भाव आहे. सुराचं मी कॉम्प्युटरवर बघतो. संध्याकाळी त्याचा फोन, कॉम्प्युटर बंद पडला. आवाजात ताकदच तेवढी. हिला ऐकवलं. म्हणाली, पलंगावर मात्र छान दिसता हो तुम्ही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी
चाकणच्या एका कंपनीत यंत्रपूजेला बोलावणं. युनियनचे नवनाथभाऊ म्हणाले, काका, तुम्ही नुसते या, बाकी आमच्यावर सोडा. गाणारच. चॅनेलचे कान काही चाकणपर्यंत पोचत नाहीत.

संध्याकाळी
स्टेजवर पलंग, उशी, चादर. प्रेस मशीनला झेंडूचा हार, मलाही झेंडूचाच. बाया रांगेनं पाया पडल्या. संधी साधून उठून बसलो, माइक ओढला, तान घेतली. पुढच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, आवं, झटका आला वाटतं, धरा की त्यास्नी. दोघा ऑपरेटरांनी मला उचलून निजवलं. नवनाथभाऊंनी कांदा फोडून नाकाला लावला. तरी मुखडा पुरा केला. कांद्यातून.

४ ऑक्टोबर
व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. म्हटलं, जिंकलो. दुपारी चॅनेलच्या स्नेहलमॅडमचा फोन. म्हणाल्या, काका, करार मोडलात, पण माफ केलं. तुमचा झटका बघून लोक ढसाढसा रडलेत. नानासाहेबांना दुसरा झटका द्यायचं ठरलंय. आता डोळेसुद्धा मिटलेले. वर्षभर. गाणं तोवर बाहेर काढायचं नाही.
मी कडक शब्दांत नकार देणार होतो. बरं म्हणालो.

५ ऑक्टोबर
मॅडमना पाठवायचा मेसेज आधी इथे कच्चा लिहितो:
स्नेहलमॅडम, नमस्कार. नानासाहेबांना एक ओळ तरी गाऊ द्या, नाहीतर सरळ मारा. मारलंत तर तेराव्याच्या सीनला माझंच गाणं लावा. काय ते आजच कळवा. उद्यापासून डोळे मिटायचे आहेत, मग फोन बघता येणार नाही.