पंपाखालचं नाव

हमरून, २० नोव्हेंबर २००६

ती. ताईस चेन्सूचा शि. सा. न. वि. वि.

माझी खोकी बंदरावर अडकली आहेत. नाताळच्या देखाव्यात नदी वाहती ठेवणारे चारशे पंप. नाताळ उलटला की त्यांना कुत्रंही विचारणार नाही. तपासणीच्या बाईने तीन खुसपटं काढली. प्लग आपल्यासारखा तीन पायांचा नाही, दोनच पायांचा. पंप धातूचा, पण अर्थिंगची तार नाही. आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता वस्तूवर नाही.

मी तिला म्हटलं, सगळा माल्टा सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसून दोन पायांचा प्लग बसवतो, आजवर कोण मेलंय? बाई हसलीसुद्धा नाही. नमुन्याचा एक पंप मात्र घरी होता, तो पपांसाठी बोटीने तुमच्या बेटावर, नदूरला पाठवतो आहे. पेन तुमच्याकडे असेलच.

तुझा त्रस्त भाऊ,
चेन्सू

नदूर, २६ नोव्हेंबर

चि. चेन्सूस अनेक आशीर्वाद.

पंप पोचला. पपा एकोणऐंशीचे, पण हरखले लहान मुलासारखे. यंदा देखाव्यासाठी त्यांचे मातीचे बावीस मेंढपाळ करून झालेत, त्यातल्या एकाचं पोट थेट तुझं आहे. तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नाव नाही म्हणून माल अडवतात, हे त्यांना फार लागलं. मी म्हटलं, ज्याने शाळेच्या वहीवर कधी नाव घातलं नाही, तो पंपावर काय घालणार!

त्या बाईचं सगळंच मला खोटं वाटत नाही. पण तुम्हा दोघांपुढे माझं कोण ऐकतं? जेवणाची हेळसांड करू नकोस, नुसत्या बेकरीतल्या पास्तित्सीवर राहू नकोस.

तुझी,
फिलुमेना

नदूर, २ डिसेंबर

चि. चेन्सू,

पपा वाचले आहेत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

काल त्यांनी पेन खुपसून पंप लावला आणि नळी सरळ करायला पाण्यात हात घातला. मी स्वयंपाकघरात होते. धप्पकन आवाज आला. शेजाऱ्याने धावत येऊन मेन स्विच बंद केला. उजव्या हाताच्या बोटांना संवेदना नाही, परत येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. आज सकाळी त्यांना घरी आणलं.

इस्पितळाने कळवलं म्हणून आज तुझा माल अडवणारी तीच बाई बोटीने आली. पपांनी तिला सांगितलं, पंप बाजारात एका अनोळखी माणसाकडून घेतला. जन्मात खोटं न बोललेला माणूस, चेन्सू! बाईने पंप उलटा केला. खाली कागदाची पट्टी चिकटवलेली होती, पपांच्या अक्षरात तुझं नाव आणि हमरूनचा पत्ता. तुझा एक तरी पंप नियमात बसावा म्हणून त्यांनी कधी लावली, मला माहीत नाही. पपांनी डोळे मिटून घेतले.

फिलुमेना

हमरून, ५ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र वाचलं. मग स्वतःच त्या बाईच्या कचेरीत गेलो. तिने ती पट्टी पुढे ठेवून विचारलं, हे नाव तुमचंच का? मी हो म्हटलं. पेन खुपसा असं मीच लिहिलं होतं, तेही सांगितलं. चारशे पंप नष्ट करायच्या कागदावर सही केली. असा आणखी एखादा पंप कुणाकडे गेलाय का, असं तिने विचारलं. एकच गेला, आणि तो माझ्याच घरी, असं मी सांगितलं.

शनिवारच्या बोटीने येतो. उरलेले मेंढपाळ मी करीन, पपांनी शेजारी बसून चुका काढाव्यात. लोभ असू दे असं म्हणायला आज तोंड नाही. पपांना एवढंच सांग की नाव त्यांनी बरोबर लिहिलं होतं.

चेन्सू