मागची टाकी, पुढचं गटार

२४ जानेवारी, शुक्रवार

टाकी परत भरली! संडासात बादलीभर पाणी टाकलं की बोडक्याचं वर येऊन राहिलं. उपसायच्या गाडीवाल्याला हिंगोलीला फोन लावला, तर म्हणे पुढच्या आठवड्यात येतो. तोवर आमी काय डबे घेऊन हिंडायचं? ह्यांना सांगितलं तर "बघू" म्हणून टेम्पो घेऊन गेले. लग्न झाल्यापासून बघूनच राहिले.

आमच्या लेकीला, दिपालीला, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्यात रीत. पण दिवाळीला लेक आली तेव्हाही असंच वर आलं होतं. पोटुशी पोर, शेजारी संतरामच्या घरी संडासला जायची. त्यांच्या दारात मान खाली घालून उभी राहायची — माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. हे विहीणबाईंच्या कानावर गेलंच. आज फोनवर सरळ म्हणाल्या, "संडास बराबर झाला तरच पाठवीन, न्हाईतर आमी हितंच करू सगळं."

खरंच आहे त्यांचं. आणि सासर तरी कुठं लांब, गावाच्या खाली ओढ्याकाठी वस्ती. लोक म्हणतील, एवढ्या जवळ असून मायला लेकीचं बाळंतपण झेपलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. भुयारी गटार मंजूर! घराघरातली घाण पाइपातून जाणार, टाक्या बुजवायच्या. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

तेवढ्यात तांड्यावरचे हिरासिंग उठले. हे सगळं पाणी शेवटी सोडणार कुठं, म्हणून विचारलं. सरपंच म्हणाले, शुद्ध करायचं केंद्र दुसऱ्या टप्प्यात होईल. हिरासिंग काही बसेनात, तेच तेच विचारून राहिले. सभा मोडते की काय! माझं डोकं फिरलं. उठले आणि म्हणलं, "आधी आमच्या दारातलं तर जाऊ द्या, पुढचं पुढं!" बायांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा बसला. ठराव झाला.

६ फेब्रुवारी

जेसीबी आला. दारापुढचा रस्ता गेला. आमच्या गिरणीवर दळण घेऊन यायचं तर फळीवरून तारेवरची कसरत. गिऱ्हाईक निम्मं झालं. पिठात माती, डोक्यात माती, चहात माती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ठेकेदाराचा मुकादम आला, रत्नपाल. टाकी कुठं आहे म्हणाला. म्हणलं, मागं. तो हसायलाच लागला. अख्ख्या गल्लीत हेच ऐकून राहिला म्हणे!

व्हय, मागंच आहे. सासऱ्यांच्या काळात सगळ्यांनी घाण दिसू नये म्हणून टाक्या घरामागं दडवल्या. मागं बोळ होती. मग ज्यानं त्यानं हळूच आपली भिंत सरकवली, आणि बोळच गिळून टाकली. आता गटार आलं पुढून! म्हणजे पाइप न्यायचा तर घर मधोमध फोडून. न्हाणी, स्वयंपाकघर, तिथला देवाचा कोनाडा, मग गिरणी, मग रस्ता. दुसरी वाटच नाही.

आत्याबाई — माझी सासू, पंचफुलाबाई — चुलीजवळच बसल्या होत्या. उठून आल्या. "माझ्या चुलीखालून अन् देवाखालून गू जाणार व्हय? मी मेल्यावर घाला." संपलं बोलणं.

१२ फेब्रुवारी

गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एक झाल्या. एरवी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.

१५ फेब्रुवारी

आत्याबाई बोलत नाहीत. हेही बोलत नाहीत, पण ते तसेही बोलत नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रत्नपाल सांगून गेला, दोन-चार दिवसांत ह्या गल्लीतलं खोदकाम बंद, वर काँक्रीट. नंतर जोडणी घ्यायची तर काँक्रीट फोडायला कोण देतंय! ह्यांना म्हणलं, तुमची आई आहे, तुमी बोला. हे म्हणाले, तुझी पण सासू आहे. अस्सा राग आला! ह्या माणसाला टाकीत बुडवून काढावं.

शेवटी मीच गेले. भांडायचं नाही असं ठरवून गेले आणि भांडलेच. टाकी काय देवापासून कोसावर आहे का? ती भरली की वास देवालाच पहिला येतो. मग म्हणलं, "आत्याबाई, तुमची नात तिकडं लोकात बाळंत होईल. पणतू बघायला पाहुण्यासारखं जाऊ, चहा पिऊन येऊ. चालतंय का?" त्या उठून देवापुढं जाऊन बसल्या. जेवल्या पण नाहीत. मग मी पण नाही जेवले. ह्यांनी दोघींच्या वाटणीचं खाल्लं.

२० फेब्रुवारी

सकाळी उठून पाहते तर कोनाडा रिकामा! आत्याबाईंनी आंघोळ करून सगळे देव पाटावर घेतले आणि गिरणीत नेऊन बसवले. कोणाला हात लावू दिला नाही. दळण सुरू झालं तसं खंडोबाच्या डोक्यावर पीठ बसलं. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नातीच्या पायी मीच बसवलं त्यास्नी हितं, मीच पुसीन." मला रडूच आलं. वळून जात्या गिऱ्हाइकावर ओरडले.

२२ फेब्रुवारी

घर फोडलं. चूल गेली, फरशी गेली, पाइप गेला. संध्याकाळी बादलीभर पाणी टाकलं — सुर्र करून गेलं! परत टाकलं. परत गेलं. ह्यांनी पण टाकून पाहिलं, मग हसले. किती वर्षांनी!

२५ फेब्रुवारी

टाकी उपसून घेतली. वरचा स्लॅब फोडला, आत मुरूम भरला, ठोकून ठोकून बसवला, वर फरशी. आत्याबाई जातीनं उभ्या होत्या. आमचं झालेलं पाहून बाकीच्या म्हाताऱ्या पण नरमल्या. ज्या अडून बसल्या त्यांच्या दारी मी स्वतः गेले, समजावलं, दटावलं. संतरामच्या घरी दोनदा गेले. आता गल्लीत एक टाकी शिल्लक नाही. सगळ्यांच्या बुजवून घेतल्या! सरपंच म्हणाले, तुमच्यासारखी एक बाई प्रत्येक गल्लीत पाहिजे. फुगलेच जरा.

२ मार्च, रविवार

विहीणबाईंना फोन केला. संडास बराबर झाला म्हणलं, आता तरी पाठवा. पहिल्यांदाच गोड बोलल्या. येत्या रविवारी जावई परमेश्वर सोडून जाईल म्हणे. बाजेला नवी सुतळी विणली. आत्याबाई डिंक निवडत बसल्यात, डोळ्याला दिसत नाही तरी.

६ मार्च

लाडू झाले. थोडे कडक झालेत. आत्याबाई म्हणतात पाक जास्त आटवला. असेल! मी एकटी काय काय बघू?

८ मार्च, शनिवार

दिपाली उद्या येत नाही. हिंगोलीला दवाखान्यात आहे, सलाईन लावलंय. उलट्या-जुलाब, लेकराची हालचाल कमी झाली म्हणतात. वस्तीवर सगळेच पडलेत. आपल्या गटाराचं तोंड ओढ्यात सोडलंय, त्यांच्या विहिरीच्या वर. फोनवर लेक नुसती रडत होती. मग विहीणबाईंनी फोन घेतला. शांतपणे बोलल्या, "माहेराहून पोचलं बरं का, रागिणीबाई."

आपलं तरी ओढ्यात जायला नको, टाकी उकरा म्हणून ह्यांना सांगितलं. आज हे "बघू" म्हणाले नाहीत. पहार घेऊन मागं गेले. पण आमची एक उकरून काय होतं?